निपाणी परिसरातील घरगुती मत्स्यकक्ष : नियोजन व उभारणी

घरात काचेच्या एक-दोन टाक्या ठेवून मासे पाळणे आणि घरातील एक संपूर्ण खोली त्यासाठी राखून ठेवणे, या दोन भिन्न गोष्टी होत. एका टाकीतील चूक एका टाकीपुरती राहते. दहा-बारा टाक्यांच्या खोलीत मात्र पाणी, हवा, वीज व मासे यांचा एकमेकांशी संबंध जडलेला असतो. एका ठिकाणी झालेली हयगय एका रात्रीत सर्व टाक्यांपर्यंत पोहोचू शकते. म्हणूनच मत्स्यकक्षाची उभारणी नियोजनपूर्वक करणे अगत्याचे ठरते.

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी शोभिवंत मासे प्रथम तेथेच पाहिले. पुढे हा छंद लहान शहरांतूनही पसरला. बेळगाव जिल्ह्यातील निपाणी हे त्यांपैकीच एक गाव होय. पुणे-बंगळूर महामार्गावर असल्यामुळे कोल्हापूर व बेळगाव या दोन्ही शहरांतून मासे, खाद्य व साहित्य येथे सहज आणता येते. तथापि मुंबई-पुण्याकडील अनुभव येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. निपाणीचे पाणी, हवामान आणि विशेषतः येथील तंबाखूचा व्यवसाय यांमुळे काही प्रश्न वेगळे उभे राहतात. खोली, पाणी, हवा, मासे अशा क्रमाने विचार केल्यास या प्रश्नांची उकल होऊ शकते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी मासे आधी घरी येतात व बाकीचा विचार मागाहून होतो. नुकसानीचे मूळ बहुधा याच उलट क्रमात असते.

जागेची निवड

मत्स्यकक्षासाठी तळमजल्यावरील खोली निवडावी. खोलीत मोरी असावी, किंवा फरशीचा उतार मोरीकडे काढता यावा. सांडलेले पाणी आपोआप वाहून जाईल अशी सोय नसेल, तर दर आठवड्याचे पाणी बदलणे हे कष्टाचे काम होऊन बसते आणि हळूहळू टाळले जाते. दक्षिण किंवा पश्चिम दिशेच्या खिडकीतून टाक्यांवर थेट ऊन येऊ देऊ नये. अशा उन्हाने पाणी तापते व त्यात हिरवे शेवाळ माजते.

निपाणीतील जुन्या घरांच्या जाड दगडी किंवा मातीच्या भिंती या कामी उपयुक्त ठरतात. त्यांच्यामुळे खोलीचे तापमान दिवसभरात फारसे हेलकावत नाही. परंतु मातीच्या भिंती ओलावा शोषून घेतात. बारा टाक्यांतून रोज पाण्याची वाफ होत असते, आणि पावसाळ्यात ती बाहेर जाण्यास वाव मिळत नाही. तेव्हा अशा भिंतींना जमिनीपासून किमान तीन-चार फूट उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घ्यावा, टाक्यांची मांडणी भिंतीपासून सहा इंच दूर ठेवावी आणि वर एक झरोका किंवा बाहेर हवा फेकणारा लहान पंखा बसवावा.

तंबाखूच्या धुळीपासून संरक्षण

निपाणीची बाजारपेठ विडीच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध आहे. अनेक घरांना लागून तंबाखूच्या वखारी आहेत आणि अनेक कुटुंबांतील स्त्रिया विड्या वळण्याचे काम करतात. रिकामी पडलेली वखार स्वस्तात मिळते, ती ऐसपैस असते आणि तिच्या भिंतीही जाड असतात. म्हणून मत्स्यकक्षासाठी तिचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. येथेच मोठी सावधगिरी बाळगली पाहिजे.

तंबाखूतील निकोटिन हे द्रव्य पाण्यात सहज विरघळते व माशांना अत्यंत विषारी असते. पिकांवरील मावा मारण्यासाठी तंबाखूचा काढा फवारण्याची जुनी रीत शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. फिलिपीन्समध्ये मत्स्यशेतीच्या तळ्यांत नवीन मासे सोडण्यापूर्वी नको असलेले मासे व गोगलगाई मारण्यासाठी तंबाखूची भुकटी टाकण्याची पद्धत आहे. अमेरिकेतील सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगा आहे. ओढून टाकलेल्या, थोडी तंबाखू शिल्लक असलेल्या सिगारेटचे सुमारे एक थोटूक एक लिटर पाण्यात भिजविले असता, तेवढ्याने त्या पाण्यातील निम्मे मासे चार दिवसांत मरण्याइतकी विषबाधा झाली. विडीच्या तंबाखूत निकोटिनचे प्रमाण सिगारेटच्या तंबाखूपेक्षा सामान्यतः अधिकच असते.

हे विष टाकीत तीन वाटांनी येऊ शकते. पहिली वाट उघडी आहे : झाकण नसलेल्या टाकीवर हवेतील धूळ बसते. दुसरी वाट सहसा लक्षात येत नाही. हवेचा पंप टाकीत जी हवा सोडतो, ती तो खोलीतूनच ओढून घेतो. शेजारी तंबाखू कुटण्या-चाळण्याचे काम चालू असेल, तर धुळीने भरलेली हवा रात्रंदिवस पाण्यातून बुडबुड्यांच्या रूपाने जात राहते. तिसरी वाट हातांची. विड्या वळून झाल्यावर हात नुसते झटकून टाकीत घातल्यास बोटांवरील तंबाखू पाण्यात उतरते. ओल्या पानांतील निकोटिन कातडीतून शरीरात जाऊन तंबाखूच्या शेतातील मजुरांना मळमळ व चक्कर येते, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. मोठ्या माणसाला जे बाधते, ते दोन ग्रॅम वजनाच्या माशाला किती बाधेल याची कल्पना करता येईल.

यासाठी पुढील नियम काटेकोरपणे पाळावेत.

(१) जुन्या वखारीत मत्स्यकक्ष करू नये. करणे भागच असेल, तर आढे, फळ्या व कोनाडे यांत साचलेली भुकटी पूर्ण काढून, भिंती धुऊन नव्याने गिलावा व चुना द्यावा आणि प्रथम एकच टाकी दोन महिने चालवून पाहावी.

(२) ज्या खोलीत विड्या वळल्या जातात किंवा तंबाखू साठविली जाते, त्या खोलीत मासे ठेवू नयेत.

(३) हवेच्या पंपाचे तोंड खोलीत न ठेवता नळीने घराच्या स्वच्छ बाजूस, परसदाराकडे न्यावे व त्यावर स्पंजाचा जाड तुकडा बसवावा. तो दर आठवड्यास धुवावा. तंबाखूच्या हंगामात तो दोन दिवसांआड पाहावा.

(४) सर्व टाक्यांना काचेची झाकणे असावीत.

(५) खोलीच्या दाराशी साबण व पाणी ठेवावे. हात कोपरापर्यंत धुऊन साध्या पाण्याने साबण पूर्ण काढल्याशिवाय कोणीही टाकीत हात घालू नये. साबणाचा अंशही माशांना घातकच असतो.

(६) खोलीत धूम्रपान, डासांची अगरबत्ती, विजेवर चालणारी डासनाशके व झुरळांचे फवारे पूर्णपणे वर्ज्य मानावेत. या औषधांतील पायरेथ्रॉइड वर्गाची द्रव्ये माणसास सौम्य वाटली, तरी माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरतात. शेजारच्या वखारीत कीड मारण्यासाठी धुरी देण्याचे काम असेल, त्या दिवशी खोली बंद ठेवावी.

वजनाचा हिशेब

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो भरते, ही साधी गोष्ट नियोजनात नेमकी विसरली जाते. उदाहरणादाखल १२ फूट लांब व १० फूट रुंद अशी खोली घेऊ. तीत २ फूट लांब, १ फूट रुंद व १५ इंच उंच अशा १२ टाक्या बसवावयाच्या आहेत. प्रत्येक टाकीत १२ इंचांपर्यंत पाणी भरल्यास ते सुमारे ५७ लिटर होते. काच व तळाची वाळू धरून भरलेल्या एका टाकीचे वजन ७५ ते ८० किलो होईल. बारा टाक्यांचे मिळून ते ९४० किलोंच्या घरात जाते. त्यात ५०० लिटर पाण्याचे पिंप व लोखंडी मांडणी मिळविल्यास एकूण भार दीड टनांच्या पुढे जातो. सिमेंटची ३० पोती खोलीत रचून ठेवावीत तेवढे हे ओझे आहे. लाकडी माडीवर मत्स्यकक्ष का करू नये, हे यावरून स्पष्ट व्हावे.

मांडणी लोखंडी अँगलची, जोडून घट्ट केलेली असावी. समोरासमोरच्या दोन भिंतींलगत ६ फूट लांबीच्या दोन मांडण्या ठेवून प्रत्येकीवर दोन थरांत सहा टाक्या बसतात. मांडणीस सहा पाय केल्यास प्रत्येक पायावर ८० किलोंहून अधिक भार येतो. शहाबादी फरशी पोकळ जागी बसविलेली असेल, तर एवढ्या भाराने ती तडकते. म्हणून प्रत्येक पायाखाली जाड लोखंडी पत्रा ठेवावा आणि मांडणी पाणसळीने तपासून घ्यावी. टाकीच्या तळाखाली अर्ध्या इंचाचा थर्माकोल घालावा. तळाची काच एखाद्या खड्यावर टेकली, तर भरलेली टाकी तडकण्यास तेवढे कारण पुरते. वरचा थर उभ्या माणसाच्या खांद्यापेक्षा उंच नसावा. हात पोहोचत नाही ती टाकी साफ होत नाही, असा सर्वसाधारण अनुभव आहे. दोन मांडण्यांमधील मोकळी जागा बादली घेऊन वावरता येईल इतकी, किमान तीन फूट असावी.

पाण्याची तरतूद

बारा टाक्यांत मिळून सुमारे ६८० लिटर पाणी राहते. दर आठवड्यास त्याचा चौथा हिस्सा बदलावयाचा म्हटल्यास १७० लिटर, म्हणजे रोज सरासरी २५ लिटर पाणी लागते. हे प्रमाण रोजच्या दोन घागरींचे आहे. निपाणी शहरास जवाहर तलावातून पाणीपुरवठा होतो. उन्हाळ्यात तलावाची पातळी खालावली की नळाच्या पाण्याची ओढ लागते, आणि अशा वेळी घरातील पिण्याच्या पाण्यावर माशांचा हक्क सांगणे योग्य नव्हे. म्हणून सुरुवातीसच हा हिशेब मांडून घ्यावा. मे महिन्यात रोज दोन घागरी पाणी निश्चित मिळत नसेल, तर बाराऐवजी सहाच टाक्यांची खोली करावी. पागोळ्यांचे स्वच्छ पाणी पावसाळ्यात साठविता येते. मात्र पहिल्या दोन-तीन पावसांचे पाणी कौलांवरील धूळ घेऊन येते, आणि निपाणीत त्या धुळीत तंबाखूही असू शकते. ते वाहू द्यावे.

नळाच्या पाण्यात जंतुनाशासाठी क्लोरीन घातलेले असते. ते माशांच्या कल्ल्यांना जाळते. त्यासाठी ५०० लिटरचे पिंप खोलीतच ठेवून त्यात पाणी २४ तास उघडे राहू द्यावे व हवेची नळी सोडून ठेवावी. मुक्त क्लोरीन त्या अवधीत बव्हंशी उडून जाते. घाईच्या प्रसंगी सोडियम थायोसल्फेट १०० लिटरला सुमारे १ ग्रॅम या प्रमाणात वापरता येते. पिंपात साठविल्याने आणखी एक लाभ होतो : पाण्याचे तापमान खोलीतील टाक्यांच्या तापमानाशी जुळते.

या भागातील जमीन काळ्या पाषाणाची असल्याने विहिरी व विंधनविहिरींचे पाणी बहुधा जड व अल्कधर्मी असते. वापरावयाच्या पाण्याचा सामू व जडपणा एकदा तपासून घ्यावा. जड पाणी वाईट नव्हे, परंतु ते दोन बाबतींत निर्णायक ठरते. माशांच्या जाती त्यावरून ठरवाव्या लागतात, आणि अमोनियाचा धोकाही त्यावर अवलंबून असतो.

टाकी तयार होणे

माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून व उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. निसर्गात काही जिवाणू या अमोनियाचे नायट्राइटमध्ये व दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पहिली दोन द्रव्ये विषारी असून नायट्रेट तुलनेने सौम्य असते. ते पाणी बदलून काढून टाकता येते. हे जिवाणू गाळणीच्या स्पंजात व वाळूत वस्ती करतात, आणि नव्या टाकीत त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. नवी टाकी भरून दुसऱ्या दिवशी मासे सोडले आणि आठवड्याभरात ते मेले, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. पाणी स्वच्छ दिसत असते, पण ते तयार झालेले नसते.

अल्कधर्मी पाण्यात हा धोका अधिक असतो. अमोनियाचा जो भाग वायुरूपात असतो, तोच माशांना मारतो. पाण्याचे तापमान २५ अंश सेल्सिअस व सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का भाग या विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तो सुमारे ५ टक्के व साडेआठ झाला की सुमारे १५ टक्के होतो. म्हणजे मऊ पाण्याच्या प्रदेशात जी चूक खपून जाईल, ती जड व अल्कधर्मी पाण्यात खपणार नाही.

यावर उपाय सोपा आहे. बारा टाक्या एकदम सुरू करू नयेत. प्रथम दोन टाक्या पाण्याने भराव्यात, गाळणी सुरू करावी, थोडेसे खाद्य टाकून जिवाणूंना अन्न द्यावे आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात चाचणीने अमोनिया व नायट्राइट शून्य झाल्याची खात्री करून चार-सहा काटक मासे सोडावेत. या दोन टाक्यांत जादा स्पंज ठेवून द्यावेत. ते जिवाणूंनी भरले की पुढच्या टाक्यांत हलवावेत. विरजण लावून दही करावे तशीच ही क्रिया आहे. गाळणीचा स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळून घ्यावा, अन्यथा क्लोरीनमुळे जिवाणू मरतात.

हवा व वीज

प्रत्येक टाकीस स्वतंत्र पंप लावण्यापेक्षा संपूर्ण खोलीसाठी एक मोठा हवापंप घेऊन नळाच्या पाइपाने हवा फिरवावी व प्रत्येक टाकीस छोटी तोटी बसवावी. हवेवर चालणाऱ्या स्पंजाच्या गाळण्या स्वस्त असून त्यांत पिल्ले ओढली जात नाहीत. सुमारे ४० वॉटचा पंप दिवसभर चालल्यास रोज एक युनिट वीज जाते. बारा टाक्यांचे प्रत्येकी ६ वॉटचे एलईडी दिवे आठ तास लावल्यास आणखी अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक. महिन्याचा खर्च ४५ ते ५० युनिटांत बसतो.

वीज जाणे ही गृहीत धरावयाची बाब आहे. वेदगंगेच्या २०१९ व २०२१ मधील महापुरांत यमगर्णीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. अशा दिवसांत वीज व वाहतूक या दोहोंवर विसंबता येत नाही. हवापंप घरगुती इन्व्हर्टरवर स्वतंत्रपणे जोडल्यास दहा तासांस ०.४ युनिट एवढीच वीज लागते. इन्व्हर्टर नसल्यास बॅटरीवर चालणारे दोन लहान पंप जवळ ठेवावेत, माशांना खाद्य देणे बंद करावे आणि वाटीने पाणी वरून ओतून ढवळत राहावे. पंप नेहमी पाण्याच्या पातळीपेक्षा उंच टांगावा. तो खाली असल्यास वीज जाताच नळीतून पाणी उलट येऊन पंपात व विजेच्या तारांत शिरते.

विजेच्या सुरक्षिततेत काटकसर करू नये. ओले हात, ओली फरशी व विजेची उपकरणे येथे एकत्र येतात, आणि येथे प्रश्न माशांच्या नव्हे तर घरातील माणसांच्या जिवाचा असतो. खोलीचा विजेचा जोड स्वतंत्र घ्यावा, त्याचे अर्थिंग तपासावे व ३० मिलिअँपिअरची गळतीरोधक कळ बसवून घ्यावी. प्लगचे खोके टाक्यांच्या वरच्या पातळीस असावे. प्रत्येक वायरीला खोक्यापाशी येण्यापूर्वी खाली झोल द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकेल व खोक्यात जाणार नाही. पाण्यात हात घालण्यापूर्वी तापक व दिवे बंद करण्याची सवय लावावी.

तापमान

निपाणीत उन्हाळ्यातील दुपार तापते आणि हिवाळ्यातील पहाट चांगली गार असते. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्रसपाटीवर २० अंशांस एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, तर ३० अंशांस साडेसातच. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत माशांची संख्या कमी ठेवावी, हवा वाढवावी व खिडकीला वाळ्याचा पडदा लावावा. बर्फाचे खडे टाकीत टाकण्याचा मोह टाळावा. तापमान एकदम उतरणे हे तापण्याइतकेच अपायकारक असते.

हिवाळ्यात प्रत्येक टाकीस ५० वॉटचा तापक लावल्यास बारा टाक्यांना ६०० वॉट लागतात आणि वीज गेली की सर्व उपाय संपतो. त्यापेक्षा दारे-खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात, टाक्यांच्या मागील व बाजूच्या काचांना थर्माकोल लावावा आणि नाजूक जाती वरच्या थरात ठेवाव्यात. उष्ण हवा वर चढत असल्याने खोलीतील वरचा थर खालच्यापेक्षा उबदार राहतो. तापक केवळ पिल्लांच्या टाक्यांना लावावेत.

माशांची निवड

जड पाण्यात गप्पी, मॉली, प्लॅटी व स्वोर्डटेल या पिल्ले देणाऱ्या जाती उत्तम राहतात. त्या साधारणतः दर चार आठवड्यांनी वितात व त्यांची पिल्ले जन्मतःच पोहू लागतात. नवशिक्याने येथूनच सुरुवात करावी. झेब्रा मासा काटक असून तापमानातील चढउतार सहन करतो. फायटर मासा पृष्ठभागावरील हवा घेऊ शकतो, त्यामुळे वीज गेली तरी तगून राहतो. मात्र त्याचे नर एकमेकांपासून वेगळे ठेवावे लागतात. सोनमासा थंडी सोसतो, परंतु तो घाण अधिक करतो व त्यास मोठी टाकी लागते. डिस्कस व निऑन टेट्रा या मऊ, आम्लधर्मी पाण्याच्या जाती होत. निपाणीच्या पाण्यात त्यांच्या मागे लागणे म्हणजे पाण्याशी रोज झगडणे होय.

नवीन आणलेल्या माशांसाठी एक टाकी इतरांपासून दूर ठेवावी. पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवावे, मासे जाळीने उचलून टाकीत सोडावेत व पिशवीतील पाणी मोरीत ओतावे. तीन आठवडे निरोगी राहिल्यानंतरच ते मुख्य टाक्यांत न्यावेत. या टाकीची जाळी व बादली वेगळी असावी.

दैनंदिन व्यवस्था

सकाळी खोलीत गेल्यावर प्रथम मासे पाहावेत, मग खाद्य द्यावे. पृष्ठभागावर येऊन धापा टाकणारे मासे प्राणवायूची कमतरता किंवा विषबाधा दर्शवितात. अशा वेळी खाद्य न देता तिसरा हिस्सा पाणी तत्काळ बदलावे. सर्व टाक्यांत एकाच वेळी हे लक्षण दिसल्यास दोष पाण्यात किंवा हवेत आहे असे समजावे व पंपाचे तोंड प्रथम तपासावे. खाद्य दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. टाक्यांना क्रमांक देऊन एका वहीत तारीख, तापमान, बदललेले पाणी व मेलेले मासे यांची नोंद ठेवावी. सहा महिन्यांनी ही वहीच मत्स्यपालकाची खरी मार्गदर्शक ठरते. काढलेले पाणी नायट्रेटमुळे खतयुक्त असते. ते परसातील केळी व भाजीपाल्यास घालावे, म्हणजे रोजच्या दोन घागरी वाया जात नाहीत. मात्र ज्या पाण्यात मीठ किंवा औषध घातले असेल, ते झाडांना घालू नये.

नदीविषयीचे कर्तव्य

वेदगंगा दूधगंगेस व दूधगंगा कृष्णेस मिळते. निपाणीच्या ओढ्यात सोडलेला मासा पुढे कोठे पोहोचेल हे सांगता येत नाही. टाकी साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील आहे. कंटाळून सोडून दिलेले हे मासे भारतातील अनेक नद्या-तलावांत पसरले असून स्थानिक मासे व कोळ्यांची जाळी या दोहोंचे नुकसान करतात. जादा झालेले मासे दुसऱ्या पालकास द्यावेत. नदी, विहीर किंवा तलाव यांत ते कधीही सोडू नयेत. पुराचे पाणी येऊ शकेल अशा नदीकाठच्या परसात उघडे हौद बांधू नयेत.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. आंबोलीत उगम पावून संकेश्वरकडे येणाऱ्या हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळ आढळलेल्या लहान माशाचे ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे नामकरण २०२० मध्ये झाले, व महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये त्या स्थळास जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. केरळ व दक्षिण कर्नाटकातील पश्चिम घाटात आढळणारा डेनिसन बार्ब हा देखणा मासा शोभेच्या व्यापारासाठी बेसुमार पकडला गेल्याने संकटग्रस्त ठरला. यावरून बोध घेऊन टाकीसाठी घाटातील ओढ्यांचे मासे धरून आणू नयेत. पैदास केंद्रात वाढविलेलेच मासे विकत घ्यावेत.

पूरक उत्पन्न

मत्स्यकक्ष नीट चालू लागल्यावर जादा पिल्लांची विक्री करून खर्च भागविता येतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसदारी शोभिवंत मत्स्यपालनाच्या घटकाचा समावेश करण्यात आला होता. त्यासाठी ३ लाख रुपये घटक-खर्च धरून सर्वसाधारण गटास ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थींना ६० टक्के साहाय्याची तरतूद होती. इच्छुकांनी चालू तरतुदींची चौकशी मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात करावी. तथापि एक वर्षभर सहा टाक्या यशस्वीपणे चालविल्याखेरीज कर्ज काढू नये. विड्या वळून संसारास हातभार लावणाऱ्या कुटुंबास हा जोडधंदा होऊ शकतो, परंतु दोन्ही कामे एकाच खोलीत व त्याच न धुतलेल्या हातांनी होऊ शकत नाहीत, हे प्रारंभीच ओळखले पाहिजे.

सारांश

मत्स्यकक्षाचा क्रम असा असावा : प्रथम धुळीपासून मुक्त व भार पेलणारी खोली, नंतर मे महिन्यातही पुरेल इतक्या पाण्याची निश्चिती, त्यानंतर स्वच्छ बाजूने घेतलेली हवा व सुरक्षित वीज, मग सहा आठवडे धीर धरून तयार केलेल्या दोन टाक्या, आणि सर्वांत शेवटी त्या पाण्यास मानवणारे मासे. या क्रमाने जाणाऱ्यास पहिले दोन महिने रिकाम्या पाण्याकडे पाहत बसावे लागते. परंतु तेवढा काळ जो थांबतो, त्याच्या खोलीतील मासे पुढील उन्हाळाही पाहतात.